वर्ग एक, घोळके अनेक: स्थलांतरित आणि स्थानिक मुलांचं शाळेत कसं जमतं

समजा, एका वर्गात २५ मुलं आहेत. २० मुलं त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या घरांतली आणि ५ मुलं परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या घरांतली. मधल्या सुट्टीत बाई मैदानाकडे बघतात, तर स्थानिक मुलांच्या घोळक्यांत बहुतेक सगळे स्थानिकच चेहरे. नवी मुलं बाजूला पडलीत, बाकीची त्यांना आपल्यात घेत नाहीत, असं त्यांच्या मनात येतं.

शंका खरी असू शकते. पण ती तपासायची तर आधी थोडं गणित करावं लागतं. २५ मुलांच्या एकूण ३०० जोड्या होतात. त्यांतल्या १९० जोड्यांत दोन्ही मुलं स्थानिक, १० जोड्यांत दोन्ही स्थलांतरित आणि उरलेल्या १०० मिश्र. म्हणजे कुणाच्या मनात तिळमात्र भेदभाव नसला आणि मैत्र्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, तरी दर तीन मैत्र्यांत एकच मिश्र निघेल. आता हेच एकेका मुलाच्या जागी उभं राहून बघा. स्थानिक मुलाला वर्गात जे २४ सोबती आहेत त्यांतले फक्त ५ स्थलांतरित. स्थलांतरित मुलाच्या २४ सोबत्यांपैकी मात्र २० स्थानिक. त्यामुळे कसलाही पक्षपात नसताना स्थानिक मुलाच्या पाच मित्रांत जेमतेम एक परक्या घरचा असेल आणि स्थलांतरित मुलाच्या पाच मित्रांत चार स्थानिक असतील. समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाउ यांनी १९७७ मध्ये हा मुद्दा नीट मांडला: दोन गटांत किती संबंध जुळतील यावर आवडीनिवडीइतकाच परिणाम त्या गटांच्या आकाराचा होतो.

म्हणून या विषयाचे अभ्यासक ‘किती मिश्र मैत्र्या आहेत’ एवढंच विचारून थांबत नाहीत. निव्वळ योगायोगाने जितक्या व्हायला हव्या होत्या त्याच्या मानाने किती कमी आहेत, हे ते बघतात. खरा प्रश्न त्या फरकाचा आहे.

तो मोजायची पद्धत जुनी आणि साधी आहे. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञांनी १९३० च्या दशकात वर्गातल्या प्रत्येक मुलाला कुणाशेजारी बसायला आवडेल ते विचारलं आणि उत्तरांचे बाण कागदावर काढले. कुणाकडे पुष्कळ बाण जातात, कुणाकडे एकही जात नाही, कुठले दोन कंपू एका धाग्यानेही जोडलेले नाहीत, हे सगळं एका नजरेत दिसू लागलं. आज हेच काम संगणकावर हजारो मुलांसाठी होतं. अमेरिकेत १९९४-९५ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ९०,००० शाळकरी मुलांनी आपल्या मित्रमैत्रिणींची नावं दिली. युरोपात २०१०-११ पासून इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन या चार देशांतल्या, चौदा वर्षांच्या आसपासच्या सुमारे १९,००० मुलांना असेच प्रश्न विचारले गेले.

या पाहण्यांतून आणि त्यांच्यासारख्या इतर अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. योगायोगाच्या हिशेबापेक्षा जास्त मुलं आपल्यासारख्यांशीच मैत्री करतात. हा कल स्थानिक मुलांत असतो, तसाच स्थलांतरित मुलांतही असतो. त्याच नकाशांत आणखी एक गोष्ट ठळक दिसते आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो: वर्गातली सगळ्यांत उंच भिंत बहुतेक वेळा मुलगे आणि मुली यांच्यामधली असते. ती बघून कुणी शाळा कोसळली असं म्हणत नाही. वांशिक घोळक्यांकडे बघतानाही तेवढा धीर ठेवायला हवा असं मला वाटतं. धीर ठेवायचा म्हणजे दुर्लक्ष करायचं असं मात्र नाही.

आपल्यासारख्यांकडेच पावलं का वळतात

पहिलं कारण कुणालाही पटेल असं आहे. ज्याच्याशी बोलताना काही समजावून सांगावं लागत नाही, त्याच्याजवळ बसणं सोपं जातं. घरची भाषा एक, सण तेच, आईवडिलांचे नियमही सारखेच, आणि हसूही त्याच गोष्टींवर येतं. नव्या देशात आलेल्या मुलाला दिवसभर परक्या भाषेत लक्ष देऊन देऊन थकवा येतो. सुट्टीतली वीस मिनिटं ओळखीच्या भाषेत काढावीशी वाटली, तर तो इतरांना दिलेला नकार नसतो, तो विसावा असतो.

दुसरं कारण घराच्या पत्त्याचं. मैत्री शाळेच्या वाटेवर आणि घराखालच्या अंगणात पक्की होते. स्थलांतरित कुटुंबं शहराच्या एका भागात एकवटलेली असली, तर त्यांची मुलं एकमेकांना शाळेबाहेरही भेटतात आणि वर्गात येतात तेव्हा मैत्री आधीच जमलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला ती वंशाची निवड वाटते. प्रत्यक्षात तिच्यातला बराचसा भाग गल्लीचा असतो.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. मैत्र्या सुट्या सुट्या जुळत नाहीत. मित्राचा मित्र आपला मित्र होण्याची शक्यता मोठी असते. समजा, वर्षाच्या सुरुवातीला मुलांचा आपल्यासारख्यांकडे अगदी किंचित कल आहे. अ आणि ब एका भाषेचे म्हणून जवळ आले. मग ब आणि क जवळ आले. आता अ आणि क यांची ओळख ब मुळे आपोआप होते, आणि अ ने क ला त्याच्या भाषेमुळे निवडलेलंच नसतं. असे त्रिकोण एकाला एक जोडले जातात आणि सुरुवातीचा किंचित कल सहामाहीपर्यंत पक्क्या गटांत बदलतो. अँड्रियास विमर आणि केव्हिन लुइस यांनी २०१० मध्ये एका अमेरिकन महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या फेसबुकवरच्या मैत्र्या तपासल्या. वंशाची ओढ म्हणून जे दिसत होतं, त्यातला मोठा वाटा अशा त्रिकोणांचा, परतफेडीच्या मैत्रीचा, एका वसतिगृहात राहण्याचा आणि बारीक प्रादेशिक मुळांचा निघाला.

याचा अर्थ भेदभाव नसतोच असा कुणी काढू नये. काही मुलांना स्पष्ट नाकारलं जातं. जर्मनीतल्या शाळांच्या अभ्यासांत ख्रिस्ती आणि धर्म न मानणारी मुलं मुस्लीम वर्गमित्रांशी मैत्री करायला मागे सरतात असं दिसलं आहे, आणि भाषा, आर्थिक स्तर, शेजार यांचा हिशेब वजा केल्यावरही तो दुरावा पूर्णपणे पुसला जात नाही. शिवाय आपण गट कसे करतो हेही बघायला हवं. हेन्री ताजफेल यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रिस्टलजवळच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलग्यांची अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गटांत विभागणी केली होती. पडद्यावरचे ठिपके कुणी जास्त मोजले, कुणी कमी, एवढंच. गटात आणखी कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. ठिपक्यांवरून एवढं होत असेल, तर चेहरा, नाव, उच्चार आणि घरात ऐकलेले शेरे यांवरून काय होत असेल?

भाषा ही पहिली पायरी

स्थलांतरित मूल वर्गात रुळेल की नाही, हे त्याच्या वंशापेक्षा पुष्कळदा त्याला वर्गाची भाषा किती येते यावर ठरतं. स्वित्झर्लंडमधल्या बालवाड्यांच्या एका अभ्यासात (२०१०) दिसलं, की ज्या स्थलांतरित मुलांना स्थानिक बोली नीट येत नव्हती, त्यांना सवंगडी कमी स्वीकारत होते. भाषा जमली की तो फरक बराच घटत होता. लहान मुलांचा खेळ हा शब्दांचा खेळ असतो. ‘तू दुकानदार, मी गिऱ्हाईक’ हे वाक्य कळलं नाही, तर मूल खेळाबाहेर राहतं. त्याला कुणी बाहेर काढलेलं नसतं.

इथे एक दुष्टचक्र आहे. भाषा शिकायला त्या भाषेतले मित्र लागतात आणि मित्र मिळायला भाषा लागते. पहिले काही महिने मूल गप्प राहून नुसतं ऐकत असतं. ते घुमं आहे किंवा मंद आहे असा शिक्का याच काळात बसतो आणि तो नंतर पुसणं जड जातं. त्या काळात शब्दांवाचून करता येतील अशा गोष्टी, म्हणजे चेंडू, चित्रकला, ताल, प्रयोगशाळेतलं काम, फार मोलाच्या ठरतात. ज्याला उत्तर बोलून दाखवता येत नाही, त्याला गोल मारता येतो, आणि वर्गाला तो मुलगा काय ताकदीचा आहे ते कळतं.

नुसतं एकत्र बसवून काय होतं

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी पूर्वग्रहांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दोन गटांतली माणसं भेटली की पूर्वग्रह कमी होऊ शकतो, पण भेट कशीही झालेली चालत नाही. भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, दोघांचं काहीतरी समान उद्दिष्ट हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वर बसलेल्यांचा, म्हणजे शाळेत शिक्षकांचा, या सगळ्याला उघड पाठिंबा हवा.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका शिबिरात जे बघितलं, ते ऑलपोर्ट यांच्या अटींचं जिवंत प्रात्यक्षिक म्हणता येईल. अकरा वर्षांच्या आसपासचे २२ मुलगे, सगळे एकाच वंशाचे, एकाच धर्माचे, सारख्याच घरांतले. त्यांचे दोन गट केले आणि स्पर्धा लावल्या. काही दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं, शिवीगाळ सुरू झाली. मग संशोधकांनी दोन्ही गटांना एकत्र जेवायला आणि सिनेमा बघायला बसवलं. भांडणं थांबली नाहीत, जेवणाच्या वेळी तर अन्नाची फेकाफेक झाली. फरक पडला तो सगळ्यांना मिळून सोडवावी लागेल अशी अडचण आली तेव्हा: पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक सुरू होईना. मुलांनी मिळून दोर लावून ट्रक ओढला. मोठ्यांनी मुलांमध्ये मुद्दाम भांडणं पेटवली म्हणून या प्रयोगावर पुढे टीका झाली आणि ती योग्यच होती. तरी शाळांसाठी त्यात एक थेट धडा आहे. वैर निर्माण व्हायला वंशभेद लागत नाही, आणि शेजारी बसवल्याने वैर आपोआप विरत नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत भेटींच्या परिणामांवर शेकडो अभ्यास झाले. थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये अशा ५१५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. बहुतेक सगळीकडे ज्यांचा परक्यांशी संबंध जास्त, त्यांच्यात पूर्वग्रह कमी असं दिसलं. परिणाम फार मोठा नव्हता, पण ठाम होता. ऑलपोर्ट यांच्या अटी पूर्ण झाल्या तेव्हा तो जास्त होता आणि अर्धवट असल्या तरी काही प्रमाणात होताच.

याच दोघांच्या कामातली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि ती सांगायलाच हवी. भेटींचा फायदा बहुसंख्याकांच्या मनावर जेवढा होतो, तेवढा अल्पसंख्याकांच्या मनावर होत नाही. कारण उघड आहे. बहुसंख्याक मुलाला वर्गातली ओळख ही दोन मुलांची ओळख वाटते. स्थलांतरित मूल त्याच ओळखीत आपला खालचा दर्जा बरोबर घेऊन येतं. आपल्या आईला दुकानात कसं बोललं गेलं, टीव्हीवर आपल्या लोकांबद्दल काय दाखवतात, हे ते विसरू शकत नाही. म्हणून ‘आपण सगळे सारखे’ असं म्हणून शिक्षकांनी विषय मिटवला, की एका बाजूला सुटल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या बाजूला आपलं म्हणणं कुणी ऐकलंच नाही असं वाटतं.

एकमेकांवाचून अडेल असं काम

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये वंशानुसार वेगळ्या असलेल्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत मारामाऱ्या चालल्या होत्या. शाळांनी इलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांना बोलावलं. ते आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात बसून निरीक्षण करू लागले. त्यांच्या लक्षात आलं, की वर्गाची सगळी रचनाच शर्यतीची आहे. बाई प्रश्न विचारतात, सहा हात वर जातात, एकाला उत्तर द्यायला मिळतं, पाच जण खट्टू होतात आणि त्याचं चुकावं अशी मनोमन इच्छा करतात. ज्या मुलाला भाषा कमी येते तो या शर्यतीत रोज सगळ्यांसमोर हरतो.

त्यांनी धड्याचे पाच-सहा तुकडे केले आणि मुलांचे मिश्र गट पाडून गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. एकच तुकडा मिळालेली निरनिराळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करत, मग आपापल्या गटात परतून बाकीच्यांना शिकवत. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. अडखळत बोलणाऱ्या मुलाकडे जो तुकडा होता तो दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. त्याची टिंगल करून काही हाती लागत नव्हतं. त्याला नीट प्रश्न विचारून बोलतं करणं हाच एक मार्ग होता. काही आठवड्यांत मुलांची आपसातली आवड वाढली आणि अल्पसंख्याक मुलांचे गुण सुधारले, असं त्यांनी नोंदवलं.

ही पद्धत पुढे जगभर गेली. पण २००८ मध्ये नॉर्वेत झालेल्या चाचणीत तिचा गटांमधल्या संबंधांवर काहीच परिणाम दिसला नाही. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही. पद्धत म्हणजे नुसती रचना असते. शिक्षक ती आठवड्यातून एक तास उरकतात की वर्षभर मनापासून चालवतात, मुलांत आधीच तेढ आहे की नुसतं अनोळखीपण आहे, यावर बरंच काही ठरतं.

त्याहून कितीतरी साधा प्रयोग हंगेरीत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरी ते आठवीच्या १८२ वर्गांतल्या २,९६६ मुलांच्या बसण्याच्या जागा एका सत्रासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा ठरवल्या. दुसरं काहीही केलं नाही. एका बाकावर आलेल्या दोघांनी एकमेकांना मित्र म्हणण्याची शक्यता सरासरी १५ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेली. शेजार मिळाल्याने मैत्रीकडे जो कल वाढला, तो वेगळ्या वंशाच्या किंवा वेगळे गुण मिळवणाऱ्या मुलांमध्येही तेवढाच वाढला. प्रत्यक्ष मैत्री मात्र सारख्या मुलांत जास्त फळाला आली आणि सगळ्यांत चिवट अडसर मुलगा-मुलगी हाच राहिला. जागा मुलांनी आपापल्या निवडायच्या, ही पद्धत प्रेमळ वाटते. पण आधीचे कंपू पक्के करायचा तोच सगळ्यांत सोपा रस्ता आहे.

वर्गातलं वातावरण आधीच तापलेलं असेल, तर नुसते बाक बदलून भागत नाही. सीरियात युद्ध पेटल्यावर लक्षावधी कुटुंबं तुर्कस्तानात आली आणि तिथल्या प्राथमिक शाळांत तुर्की आणि सीरियन मुलं एकत्र शिकू लागली. शूले आलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८० शाळांत केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतल्या शिक्षकांना एक अभ्यासक्रम दिला होता, ज्यात मुलं वर्षभर एकच काम निरनिराळ्या प्रकारे करत होती: दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं. या शाळांत मारहाणीच्या गंभीर घटना कमी झाल्या, दोन्ही गटांत मैत्री आणि मदत वाढली आणि सीरियन मुलांचं तुर्कीही सुधारलं. भाषेचं हे सुधारणं मला विशेष वाटतं. मगाशी म्हटलेलं दुष्टचक्र दुसऱ्या टोकाकडूनही फिरवता येतं: आधी मित्र, मागोमाग भाषा.

छळ: कोण करतं, कुणाचा होतो

मैत्री नसणं आणि छळ होणं या दोन गोष्टी एका मापात घालू नयेत. वर्गात दोन गट शांतपणे वेगळे राहत असतील, तर चिंता वेगळी. एका मुलाला रोज नावावरून, रंगावरून, आईच्या पोशाखावरून डिवचलं जात असेल, तर ती आजच्या आज हात घालायची गोष्ट आहे.

नेदरलँड्समध्ये मायकेल फेर्कौटेन आणि योखेम थेइस यांनी दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा या बाबतीत मोठा अभ्यास केला. तुर्की मुळांच्या मुलांना वांशिक टोमण्यांचा त्रास डच मुलांपेक्षा जास्त होता. पण सगळ्या वर्गांत तो सारखा नव्हता. बाईंना किंवा सरांना सांगितलं तर ते काहीतरी करतील, असा विश्वास ज्या वर्गांत मुलांना होता तिथे त्रास कमी होता. मुलं तक्रार करण्यापूर्वी मनात हिशेब करतात: सांगितलं तर ऐकतील, की ‘त्याकडे लक्ष देऊ नकोस’ म्हणतील? दुसरं उत्तर दोनदा मिळालं, की तिसऱ्यांदा मूल येत नाही आणि शाळेच्या नोंदीत सगळं शांत दिसतं.

छळ करणारी मुलं नेहमी बहुसंख्याकच असतात असंही नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात (२००९) दिसलं, की स्थलांतरित मुलग्यांच्या दादागिरीमागे सत्तेच्या हौसेपेक्षा आपल्याला कुठल्या तरी गटाने आपलं म्हणावं ही तहान पुष्कळदा असते. मिळून कुणाला तरी छळणं हा त्यांना गटात शिरायचा परवाना वाटतो. अशा मुलाला नुसती शिक्षा केली तर मूळ दुखणं तसंच राहतं. त्याला गटात शिरायचा दुसरा रस्ता मिळवून द्यावा लागतो.

आणि एक खोलवरची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या माध्यमिक शाळांचा अभ्यास करणाऱ्या सँड्रा ग्रॅहम आणि याना युवोनेन यांना आढळलं, की ज्या वर्गांत अनेक गट असून कुणाचंच पारडं फार जड नसतं, तिथे मुलांना जास्त सुरक्षित वाटतं आणि एकटेपणा कमी वाटतो. सत्ता विभागलेली असते, हे एक कारण. दुसरं कारण मनातलं आहे. ज्याला त्रास होतो ते मूल स्वतःला विचारतं, माझ्याच वाट्याला का? आजूबाजूला वेगळी मुलं पुष्कळ असतील, तर दोष समोरच्याच्या संकुचितपणाचा आहे असं म्हणता येतं. आपल्यासारखं वर्गात दुसरं कुणीच नसेल, तर उत्तर आत वळतं: माझ्यातच काहीतरी खोट आहे.

मात्र विविधता वाढेल तशी मैत्री सरळ रेषेत वाढत जाते, असं समजू नये. जेम्स मूडी यांनी २००१ मध्ये अमेरिकन पाहणीवरून दाखवलं, की मैत्रीतली फूट मध्यम विविधतेच्या शाळांत सगळ्यांत जास्त असते आणि विविधता फार वाढली की पुन्हा कमी होते. दोन तुल्यबळ गट आमनेसामने असलेल्या वर्गात ‘आम्ही’ आणि ‘ते’ ही विभागणी सोपी असते. सहा-सात गट असले की ‘ते’ नेमके कोण हेच ठरत नाही. मूडी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: जिथे खेळ, वाद्यवृंद, नाटक अशा शाळेतल्या उपक्रमांत मुलं मिसळलेली होती, तिथे फूट कमी होती. संघनिवडीची यादी लावताना शाळेने हे लक्षात ठेवावं.

वय, घर आणि नावं

पूर्वग्रह घरी शिकवल्याशिवाय येत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. टोबियस राबे आणि आंद्रेयास बेलमान यांनी २०११ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा चित्र थोडं वेगळं दिसलं. आपला गट चांगला ही भावना पाच ते सात वर्षांपर्यंत वाढत जाते आणि पुढे दहापर्यंत थोडी उतरते. त्यानंतर ती कुठे जाईल हे भोवतालावर ठरतं. म्हणून प्राथमिकची वर्षं हातची घालवू नयेत. त्या वयात गोष्टीसुद्धा काम करतात. इंग्लंडमध्ये पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना, एक इंग्रज मूल आणि एक निर्वासित मूल यांच्या मैत्रीच्या गोष्टी वाचून दाखवल्या, तेव्हा त्यांचं निर्वासित मुलांबद्दलचं मत सुधारलं. ज्या वर्गात अजून एकही स्थलांतरित मूल नाही तिथेही हे करता येतं.

घराचा वाटा अर्थातच मोठा आहे. वर्गातली मैत्री खरी ठरते ती घरी बोलावणं होतं तेव्हा. दोन्हीकडचे आईबाप इथे अडखळतात. स्थानिकांना अनोळखी घरी मूल पाठवायला धाकधूक वाटते. स्थलांतरितांना आपली भाषा आणि रीत हातची जाईल असं वाटतं, किंवा आपलं लहान घर बघून कोणी काही म्हणेल याचा संकोच असतो.

मुलांवर नावं चिकटवतानाही जपायला हवं. हंगेरीतल्या रोमा या अल्पसंख्याक समाजातल्या मुलांच्या अभ्यासांत दिसलं, की मूल स्वतःला काय म्हणतं आणि वर्ग त्याला काय समजतो, हे नेहमी जुळत नाही. तिथेच जन्मलेल्या, तीच भाषा बोलणाऱ्या मुलाला ‘तू मूळचा कुठला’ हे आठवड्यातून तीनदा विचारलं, की ते वर्गात असूनही पाहुणाच राहतं.

वर्गाबाहेर ठरणारं

हे सगळं वर्गाच्या आतलं झालं. पण वर्गात कोण बसणार हे वर्गाबाहेर ठरतं. शाळा निवडायची मुभा असली, की सुस्थितीतली स्थानिक कुटुंबं स्थलांतरितांची संख्या वाढलेल्या शाळांतून काढता पाय घेतात. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत साधारण दहाव्या वर्षी मुलांना गुणांनुसार वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत पाठवलं जातं, आणि ज्याला भाषा अजून पुरती आलेली नाही त्याची तिथेच वेगळी वाट होते. ज्या मुलांशी चौथीत मैत्री जमू लागली होती, ती पाचवीत दुसऱ्या इमारतीत असतात.

नव्याने आलेल्या मुलांसाठी काही देशांत वेगळे भाषावर्ग असतात. त्यांची गरज आहे, कारण काहीही न कळता दिवसभर गणिताच्या तासाला बसवून ठेवणं ही दयाळूपणाची गोष्ट नव्हे. पण हे वर्ग वर्षभर, दोन वर्षं चालले आणि इमारतीच्या दुसऱ्या टोकाला भरले, तर मूल भाषा शिकून येतं तेव्हा वर्गातले त्रिकोण पुरे झालेले असतात. यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. पहिल्या दिवसापासून त्या मुलाचं नाव नेहमीच्या वर्गाच्या हजेरीपटावर हवं. सकाळी भाषावर्ग झाला, तरी खेळ, चित्रकला, संगीत आणि मधली सुट्टी त्याच वर्गाबरोबर हवी. बाकावर त्याची जागा ठरलेली हवी, आणि तो भाषावर्गाला गेला असताना त्या जागेवर दुसरं कुणी बसता कामा नये.